मिडी संगीत व साउंडफाँट

मिडी संगीत व साउंडफाँट : विद्युत् वाद्ये व संगणक यांच्यात वादनाची माहिती अंकांच्या रूपाने नेण्याआणण्यासाठी १९८३ मध्ये निश्चित झालेल्या संकेतपद्धतीस ‘मिडी’ म्हणतात. ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ही संज्ञा रूढ झाली. मिडी संकेतांत आवाज मुळीच नसतो. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली व केव्हा सोडली एवढेच त्यांत नोंदलेले असते. या सूचनांना प्रत्यक्ष नाद पुरविणारा, खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा जो संच असतो, त्यास साउंडफाँट हे नाव आहे. छापखान्यातील मजकूर व टंक यांचे जे नाते, तेच स्थूलमानाने मिडी व साउंडफाँट यांचे होय. टंक बदलला की तोच मजकूर वेगळ्या वळणाने छापला जातो. साउंडफाँट बदलला की तीच सुरावट पियानोऐवजी सतारीवर वाजते.

मराठी वाचकास याहून जवळचा दाखला स्वरलिपीचा आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली व तार सप्तकासाठी वर टिंब आणि मींडेसाठी स्वरांवर कमान काढतात. ही कमान मींड आहे एवढेच सांगते. ती कोणत्या गतीने व कोणत्या वाटेने घ्यावी हे सांगत नाही. ते गायकाने गुरुमुखातून शिकलेले असते आणि लिपीतील रिकाम्या जागा तो त्या शिदोरीतून भरून काढतो. संगणकाजवळ अशी शिदोरी नसते. जे लिहिले नाही ते तो वाजवीत नाही, आणि जे लिहिले आहे ते पाश्चात्त्य बारा स्वरांच्या जाळीत बसवून वाजवितो. हिंदुस्थानी संगीतासाठी मिडी वापरताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्‌भवतात.

इतिहास : १९७५ नंतर विद्युत् वाद्यांचे अनेक निर्माते पुढे आले, परंतु एकाचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्याशी जोडता येत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये एका समाईक पद्धतीचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी या कामी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. एकावर बोट ठेवताच दुसरे वाजू लागले. या दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. मिडी फाइलीचे प्रमाणित स्वरूप १९८८ मध्ये व १२८ वाद्यांची समाईक यादी (जनरल मिडी) १९९१ मध्ये ठरली. या यादीत १०५ व्या क्रमांकावर सतार व ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. तबला, तंबोरा आणि हातपेटी यांना मात्र तीत स्थान मिळाले नाही. ज्यांच्यावाचून आपल्याकडे मैफल उभी राहत नाही, नेमकी तीच वाद्ये वगळली गेली, यावरून यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणते संगीत होते ते कळते.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ही साधने आल्यानंतर मोठ्या वाद्यवृंदांचे काम क्रमाक्रमाने घटत गेले. पूर्वी जेथे कित्येक व्हायोलिनवादक बसत, तेथे एक कळफलक व एक संगणक पुरू लागला.

संकेतांची रचना : स्वर सुरू करण्याचा संदेश तीन बाइटांचा असतो. पहिल्यात संदेशाचा प्रकार व सोळांपैकी एक मार्ग (चॅनेल), दुसऱ्यात ० ते १२७ यांमधील पट्टीचा क्रमांक व तिसऱ्यात आघाताचा जोर असतो. पाश्चात्त्य मध्य सी या स्वरास ६० व ४४० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ए या स्वरास ६९ हा क्रमांक आहे. मूळ मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. प्रत्येक बाइटास आरंभ व शेवट दाखविणारे बिट धरून १० बिट लागत असल्याने सेकंदाला ३,१२५ बाइट, म्हणजे सुमारे एक हजार स्वरसंदेश जाऊ शकतात. फाइलीही याच कारणाने लहान असतात. पाच हजार स्वरांची पाच मिनिटांची रचना साधारणपणे ४० किलोबाइटांत मावते. तेच वादन सीडीच्या प्रतीने ध्वनिमुद्रित केल्यास सुमारे ५३ मेगाबाइट जागा लागते.

साउंडफाँट : ही फाइलरचना ई-म्यू सिस्टिम्स व क्रिएटिव्ह या कंपन्यांनी प्रचारात आणली. १९९४ मध्ये निघालेल्या क्रिएटिव्हच्या ध्वनिपत्रावर (साउंड कार्डवर) स्वतःचे नमुने साठविण्यासाठी मुळात अवघी ५१२ किलोबाइट स्मृती होती. रचनेची दुसरी आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज प्रचलित असलेले बहुतेक संच तिच्यावर आधारलेले आहेत. संचाच्या तळाशी ध्वनिमुद्रित नमुने असतात. त्यांच्यावर ‘वाद्य’ हा थर असून कोणता नमुना कोणत्या पट्ट्यांवर व किती जोराच्या आघातास वाजावा हे तेथे ठरते. सर्वांत वर, वादकास नावाने निवडता येणारी योजना असते. प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र नमुना घेतल्यास फाइल फुगते. म्हणून एकच नमुना जवळच्या काही पट्ट्यांवर कमीअधिक वेगाने वाजवून कंप्रता बदलतात. हे अंतर फार ताणले, तर सतारीचा खर्ज ढोबळ आणि तार सप्तक खेळण्यातल्या वाद्यासारखे लागते. लांब स्वरासाठी नमुन्यातील एक छोटा भाग पुन:पुन्हा फिरवतात. या आवर्तनाचे सांधे नीट जुळले नाहीत, तर हातपेटीच्या स्थिर स्वरात ठराविक अंतराने टिकटिक ऐकू येते.

हलक्या प्रणालीवरील वादन : पूर्वी ध्वनिपत्रातील खास मंडले करीत ते काम आता सामान्य प्रक्रियक करू शकतो. लिनक्सवर यासाठी टिमिडिटी व फ्लुइडसिंथ या मुक्तस्रोत आज्ञावली प्रसिद्ध आहेत. जुन्या संगणकांसाठी पपी लिनक्स (२००३ मध्ये बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली), अँटिएक्स, टायनी कोअर यांसारख्या हलक्या परिचालन प्रणाली उपलब्ध आहेत. पपी सामान्यतः संपूर्णपणे कार्यकारी स्मृतीत उतरून चालते. तिच्यामुळे जुने यंत्रही चपळ होते खरे. पण साउंडफाँटलाही तीच स्मृती हवी असल्याने दोघांत ओढाताण होते. ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या संगणकावर सुमारे १४० मेगाबाइटांचा ‘फ्लुइड आर-३’ हा संच जड जातो. सुमारे सहा मेगाबाइटांचा ‘टिमजीएम’ चटकन चढतो, परंतु त्यातील वाद्यांचा कस त्या मानाने कमी आहे.

दुसरा प्रश्न विलंबाचा. प्रक्रियक ध्वनीचे अंक तुकड्यातुकड्यांनी तयार करून ठेवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या गतीने १,०२४ नमुन्यांचा साठा ठेवल्यास पट्टी दाबणे व स्वर उमटणे यांत सुमारे २३ सहस्रांश सेकंद जातात. तयार फाइल वाजविताना यास महत्त्व नाही. हाताने वाजविणाऱ्यास मात्र बोट व स्वर यांतील फट जाणवते आणि द्रुत लयीत तो अडखळतो. साठा २५६ नमुन्यांवर आणल्यास विलंब सहा सहस्रांशांच्या आसपास येतो, पण मंद प्रक्रियक मागे पडून आवाज तुटू लागतो. अशा वेळी कृत्रिम घुमारा बंद करावा व एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांची मर्यादा खाली आणावी. ही मर्यादा फार खाली नेल्यास नव्या स्वराला जागा देण्यासाठी क्षीण होत चाललेला जुना स्वर तोडला जातो. पियानोत हे खपून जाते. तंबोऱ्यात एका तारेची आस दुसरीच्या छेडीत मिसळलेली असते, ती मध्येच तुटल्याचे अनभ्यस्त कानालाही कळते.

अशा साधनाचा खरा उपयोग दूरच्या शाळांत व छोट्या संगीतवर्गांत आहे. रायगड जिल्ह्यातील माथेरानला मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवेश नाही आणि पावसाळ्यात दमट हवा महिनोन्‌महिने हटत नाही. अशा हवेत तंबोऱ्याचे लाकूड व पेटीचा भाता दोन्ही त्रास देतात, आणि दुरुस्तीसाठी वाद्य खाली नेणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. टाकाऊ ठरलेला संगणक, एक साधा मिडी कळफलक व चांगला साउंडफाँट एवढ्यावर निदान स्वरज्ञान व लयीचा सराव होऊ शकतो. मात्र त्यातून विद्यार्थ्याच्या कानावर कोणता गंधार पडतो, हा प्रश्न उरतोच.

स्वरांतरांचा प्रश्न : मिडीतील पट्ट्या समविभाजित सप्तकात बसविलेल्या असतात, सप्तकाचे १,२०० सेंट धरून प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपासून १०० सेंटांवर येते. षड्‌जाशी ५:४ या प्रमाणात असणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटांवर आहे, पट्टीचा गंधार ४०० सेंटांवर. शुद्ध धैवत (५:३) ८८४ सेंटांवर, पट्टीचा ९०० वर. पंचमातील फरक दोन सेंटांचा असून तो सहज दुर्लक्षिता येतो. गंधाराचा फरक दुर्लक्षिता येत नाही, कारण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार स्वयंभू उमटत असतो. सफेद एकच्या षड्‌जात हा स्वयंभू गंधार सुमारे ६५४ हर्ट्‌झवर येतो, तर पट्टीच्या तार गंधाराची कंप्रता ६५९ हर्ट्‌झ असते. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे पाच वेळा आवाज थरथरतो. भूपात ज्या गंधारावर विसावायचे, तोच अस्थिर होतो.

हा वाद मिडीबरोबर आलेला नाही. हार्मोनियमने तो महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच उभा केला होता [⟶ श्रुति]. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या कंप्रता ठरवून १९१० मध्ये त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. या प्रयोगांत अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य झाले होते. सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमही तयार झाली आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. त्याच काळात मराठी रंगभूमीवर ऑर्गन व पेटी यांचे राज्य अबाधित होते आणि गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. अलीकडे विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनविली आहे. पेटीच्या पोलादी किंवा पितळी जिभा कानशीने घासून जे साधावे लागे, ते साउंडफाँटमध्ये आकडे बदलून साधते, एवढाच येथे फरक आहे.

उपाय तीन आहेत. पहिल्यात साउंडफाँटच्या ‘वाद्य’ थरात प्रत्येक पट्टीचा स्वतंत्र विभाग करून तिला सेंटांत सूक्ष्म दुरुस्ती देतात : गंधारास उणे १४, धैवतास उणे १६, कोमल गंधारास (६:५) अधिक १६. असा संच एकाच षड्‌जापुरता योग्य असतो; पट्टी बदलली की सर्व आकडे सरकवावे लागतात. दुसरा उपाय १९९२ च्या मिडी स्वरजुळणी-प्रमाणाचा. यात स्वरांचे कोष्टक वेगळे पाठविले जाते व संच तोच राहतो. फ्लुइडसिंथला हे कोष्टक समजते, म्हणून शाळेच्या उपयोगासाठी तोच मार्ग सोयीचा. तिसरा उपाय स्वरवक्र संदेशाचा (पिच बेंड). त्याच्या १६,३८४ पायऱ्या असून ८,१९२ हा मध्य होय. नेहमीच्या दोन अर्धस्वरांच्या मर्यादेत एक पायरी ०·०२४ सेंटांची असते, तेव्हा ७,६३१ हा आकडा पाठविल्यास पट्टीचा गंधार शुद्ध गंधारावर येतो. मर्यादा एका सप्तकापर्यंत वाढविली तरी पायरी ०·१५ सेंटांहून मोठी होत नाही आणि सतारीची लांब मींड अखंड ऐकू येते.

पहिले दोन उपाय स्वराला स्थिर बिंदू मानतात. भूपास ते पुरतात. दरबारी कानड्याचा गंधार मात्र बिंदू नव्हे. तो आंदोलनात असतो, आणि बावीस काय, साठ पट्ट्या केल्या तरी त्यांपैकी कोणतीही एक दाबून दरबारी उभा राहणार नाही. तेथे तिसरा उपायच घ्यावा लागतो. सेकंदाला पन्नास वक्रसंदेश पाठविले तरी १५० बाइट खर्ची पडतात, म्हणजे मिडी मार्गावर जागेची टंचाई नाही. अडचण अशी की वक्रसंदेश संपूर्ण मार्गाला लागू होतो. गाणाऱ्या तारेबरोबर चिकारीही त्याच मार्गावर असेल, तर मींडेबरोबर चिकारीचा षड्‌जही ओढला जातो. म्हणून प्रत्येक तारेस स्वतंत्र मार्ग द्यावा. शिवाय आंदोलनाची गती व खोली कोणी तरी हाताने लिहावी लागते, आणि ते लिहिणाऱ्याने दरबारी ऐकलेला असावा लागतो.

तबला व हातपेटी : तबल्याच्या संचात एकेका बोलास एकेक पट्टी देतात. ‘धा’ हा ‘ना’ व ‘गे’ यांचा संयोग असला, तरी तो स्वतंत्र मुद्रित करणे श्रेयस्कर. डग्ग्याच्या ‘गे’चा घुमारा ‘क’ या बंद बोलाने तत्काळ थांबला पाहिजे. साउंडफाँटमध्ये परस्परवर्जक गट करण्याची सोय असून एकाच गटातील नवा ध्वनी आधीचा बंद करतो. ती मुळात झांजांच्या बंद-उघड आवाजांसाठी वापरली जाते, पण येथे चपखल बसते. पुष्कळ संचांत हे केलेले नसते आणि ठेका चिखलात पाय रुतल्यासारखा वाजतो. हातपेटीची गोष्ट उलट आहे. तिचा जोर बोटात नसून भात्यात असतो, तर साउंडफाँट मूळ नियमाने आघाताचा जोर आवाजात उतरवितो. हा नियम संचात शून्यावर आणून आवाजाचा चढउतार ‘एक्स्प्रेशन’ या अकराव्या नियंत्रकाकडे, शक्य तर पायपट्टीकडे, सोपवावा. त्यानंतरच पेटी पेटीसारखी वाजते.

प्रत्येक स्वरास स्वतंत्र वक्र देण्याची सोय मिडीच्या २०१८ मधील विस्तारात, व अधिक व्यापक रीतीने २०२० मध्ये स्वीकारलेल्या दुसऱ्या आवृत्तीत करण्यात आली. लिनक्सच्या गाभ्यात दुसऱ्या आवृत्तीचा अंतर्भाव २०२३ मध्ये झाला. जुन्या यंत्रांवरील हलक्या प्रणालींत बहुधा त्याआधीचाच गाभा असतो. तेथे वर सांगितलेली स्वतंत्र मार्गांची रीतच वापरावी लागते.