पोटात कावळे, हातात पन्नास मिनिटं!

रत्नागिरी स्टेशन ते पालीचा तिठा. गाडी बदलायची, बस गाठायची आणि मधल्या वेळात जेवायचंही. कसं जमवायचं?

आधी एक घोळ निस्तरू या. पाली म्हटलं की आपल्याला बल्लाळेश्वर आठवतो. ती रायगडातली पाली. आपण बोलतोय रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीबद्दल, मुंबई-गोवा हायवेवरच्या. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरपा, नाणीजमार्गे येणारा रस्ता इथे हायवेला मिळतो. तिथून थोडं पुढे हातखंबा, आणि हातखंब्याहून रत्नागिरीचा फाटा. म्हणजे उडुपी-मंगळूरची किंवा केरळची गाडी पकडायला आलेला कोल्हापूरकर असो, नाहीतर रेल्वेने उतरून लांजा-साखरप्याकडे गावी निघालेला मुंबईकर, दोघंही याच पट्ट्यात घड्याळ आणि भूक यांच्यात अडकतात. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये आला खरा, पण त्यावर गाडी अजून धावलेली नाही. त्यामुळे घाट रस्त्यानेच उतरायचा आणि रेल्वे रत्नागिरीत गाठायची.

विमानवाले याला ऐटीत ‘लेओव्हर’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘गाडीला अजून टाइम आहे.’ प्रश्न तोच. खायचं काय आणि कुठे?

स्टेशन इतकं लांब का, बुवा?

दादर किंवा पुणे स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर हॉटेलांची रांग असते. रत्नागिरीत तसं नाही. स्टेशन कुवारबावच्या बाजूला, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. यात कुणाचा आळस नाही, इंजिनीअरिंग आहे. कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने आखली गेली. चढ १५० ला १ पेक्षा जास्त नको, वळणं मोठी हवीत, अशी अट. मग सह्याद्रीच्या पायथ्याशी ९० हून अधिक बोगदे खणत मार्ग काढावा लागला. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा! २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला, पण रूळ डोंगरांच्या मर्जीने गेले, बाजारपेठांच्या नाही. म्हणूनच राजापूरकराचं ‘राजापूर रोड’ राजापुरापासून लांब, आणि रत्नागिरीतलं छान जेवण स्टेशनपासून लांब.

थोडक्यात काय, इथे मेन्यू आधी घड्याळ ठरवतं आणि मग जीभ.

मिनिटं मोजा, मग ऑर्डर द्या

साधा फंडा आहे. हातात जेवढा वेळ आहे त्यातून २० मिनिटं सरळ वजा करा. ती परत येण्याची, प्लॅटफॉर्म शोधण्याची, बॅगा ओढण्याची. उरली ती तुमची.

हातात अर्धा तास? स्टेशन सोडू नका. स्टॉलवरचा गरम वडापाव किंवा समोशाबरोबर चहा घ्या. काचेत कधीपासून ठेवलेल्या पॅटिसपेक्षा समोर तळलेलं बरं. आणि बिल मागा. ‘नो बिल, नो पेमेंट’ ही रेल्वेचीच घोषणा आहे, मागताना लाजायचं काय?

पन्नास-साठ मिनिटं? स्टेशनबाहेर हमरस्त्याच्या बाजूला निघा. साधी हॉटेलं, खानावळी शोधा आणि तयार असेल तेच मागा. मिसळ, उसळ-पाव, पोहे, राइस प्लेट. बसण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘दादा, पंधरा मिनिटांत काय मिळेल?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मेन्यूकार्डावर कधीच छापलेलं नसतं.

दीड तासाहून जास्त? मग रिक्षा करा आणि थेट गाव गाठा. जायला-यायला मिळून चाळीस मिनिटं धरा, वर जेवणाला अर्धा तास. रिक्षाचे पैसे निघण्याआधीच ठरवून घ्या. परतीचीही तीच रिक्षा सांगून ठेवली, तर ताटावर बसून घड्याळाकडे बघावं लागत नाही.

बसने येताय? इथे वेळ वाचतो

कोल्हापूरहून रत्नागिरीला येणारी एसटी पाली, हातखंबा करत शहराकडे जाते आणि स्टेशनचा फाटा वाटेतच लागतो. बरेच जण सवयीने स्टँडपर्यंत जातात आणि रिक्षा करून तेवढंच अंतर मागे येतात. कंडक्टरला आधीच सांगून फाट्यावर उतरलात की ही उलटी फेरी वाचते. त्या वेळेत एक राइस प्लेट आरामात होते!

उलट प्रवास असेल, म्हणजे रेल्वेतून उतरून पुढे लांजा किंवा साखरप्याची बस धरायची असेल, तर स्टेशनजवळ पोटभर जेवत बसू नका. पाली तिथून चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे. आधी तिठा गाठा, पुढच्या बसची चौकशी करा आणि मग खायला बसा. तेही रस्ता दिसेल अशा टेबलावर. चौपदरीकरणाच्या कामांनी हायवेचा चेहरा पार बदलला, बस कुठे थांबते हेही बदलत राहतं. त्यामुळे माहिती गुगलला नाही, समोरच्या चहावाल्याला विचारा.

मासा घाईत खायचा नसतो

कोकणात आलो आणि मासे नाही खाल्ले, असं कसं? बरोबर. पण तळलेली सुरमई किंवा बांगडा ऑर्डर दिल्यावर तव्यावर पडतो. त्याला वीस-पंचवीस मिनिटं द्यायलाच हवीत. ज्याला घाई आहे त्याला एक तर अर्धवट तळलेला तुकडा मिळतो किंवा सकाळचाच परत गरम केलेला. वेळ कमी असेल तर आमटी-भात, एखादी उसळ आणि वर वाटीभर सोलकढी घ्या. कोकम आणि नारळाचं दूध. प्रवासात मळमळणाऱ्या पोटाला याहून शहाणं पेय नाही.

जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ‘एकदम फ्रेश पापलेट’ म्हणणाऱ्याकडे हसून बघा आणि शाकाहारी थाळी मागवा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे टाइमटेबल. कोकण रेल्वेवर पावसाळ्यापुरतं वेगळं वेळापत्रक असतं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्या सावकाश चालवतात, त्यामुळे मे महिन्यात जमलेलं जेवणाचं गणित जुलैमध्ये चुकतं. त्यात रोहा-वीर हा टप्पा सोडला तर हा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली थांबते. एक लेट झाली की तिच्यामागे बाकीच्याही लेट. म्हणून जेवायला बसण्याआधी मोबाइलवर गाडीचं लाइव्ह स्टेटस बघा, आणि जेवताना पुन्हा एकदा बघा. लेट असलेली गाडी वेळ भरून काढते, तेव्हा ती आपल्या पानातला भात संपायची वाट बघत नाही!

मांडवी एक्सप्रेसने जाणाऱ्यांनी मात्र फार टेन्शन घेऊ नये. ही गाडी तिच्या खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पोट थोडं रिकामं ठेवूनच चढलेलं बरं.

आपण मागतो तेच मिळतं

आता थोडं मनातलं. हायवेवरच्या कुठल्याही हॉटेलात मेन्यूकार्ड उघडा. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, शेजवान राइस. घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी शोधावी लागते. हॉटेलवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचाही हिशेब सरळ आहे. घाईतलं गिऱ्हाईक ओळखीचं मागतं. जे खपतं ते शिजतं, जे कुणी विचारत नाही ते कार्डावरून जातं.

गंमत म्हणजे हेच पदार्थ घाईसाठी बनलेले आहेत. आंबवलेलं पीठ तयार असेल तर आंबोळी काही मिनिटांत उतरते. घावण्याला तर पीठ आंबवावंही लागत नाही. पिठी-भात म्हणजे कोकणातल्या घराघरांतलं दहा मिनिटांचं जेवण. आपण ज्याला फास्ट फूड म्हणतो, ते इथे आजीच्या चुलीवर कधीपासून होतंच की!

तेव्हा पुढच्या वेळी पालीच्या तिठ्यावर किंवा कुवारबावला थांबलात, तर पनीर सांगण्याआधी विचारून बघा, ‘घावणे मिळतील का?’ नाही म्हणाले तर उसळ-पाव आहेच. पण दिवसातून दहा जणांनी विचारलं, तर अकराव्यासाठी कुणीतरी बिडाचा तवा तापवेलच.

बॅगेत टाकून ठेवा

• ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात दोन-तीन तासांत उतरते. पार्सलला सुकी लसणीची चटणी घ्या.
• आंबापोळी, फणसपोळी, काजू : गाडी कितीही लेट झाली तरी साथ देतात.
• सुट्टे पैसे. नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं.
• डब्यात तळलेला मासा उघडताना शेजाऱ्याला आधी विचारा. मैत्री तरी होईल, नाहीतर भांडण!