दुकान भाड्याचे, हक्क कोणाचा?

गुलमंडी, पैठण गेट, सिटी चौक, शहागंज या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठांत अनेक दुकानांवरील नाव तीन पिढ्यांचे असते. जागा मात्र दुसऱ्याच्या मालकीची. आजोबांनी भाड्याने घेतलेला गाळा आज नातू चालवितो. त्याला धंदा उठण्याची धास्ती वाटते, तर मालकाच्या वारसाला आपल्या मिळकतीचे मोल मिळत नसल्याची खंत असते. प्रकरण न्यायालयात गेले की दोघांचीही वर्षे त्यात जातात. म्हणून कायदा कोणाला काय देतो, हे आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता आणि असे वाद भाडे नियंत्रकासमोर चालत. मुंबईकडे १९४७ चा, तर विदर्भात १९४९ चा वेगळा भाडे नियंत्रण आदेश होता. जुन्या मुंबई कायद्यातील गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये नमूद केले. त्यानंतर तिन्ही कायद्यांची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या एकाच कायद्याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. निवासाबरोबरच शिक्षण, व्यवसाय, व्यापार आणि साठवणुकीच्या जागांनाही तो लागू आहे.

संरक्षण सर्वांना नाही

सरकारच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे महापालिकेच्या गाळेधारकाला त्याचा आधार घेता येत नाही. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये वा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांनाही संरक्षण नाही. त्यांचे संबंध करारावर आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर चालतात. कायद्याची ढाल मुख्यतः लहान दुकानदारासाठी आहे.

ही ढाल भक्कम आहे. भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल आणि कराराच्या अटी पाळत असेल, तोवर केवळ मुदत संपली म्हणून त्याला काढता येत नाही. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतर दावा दाखल झाला, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, तिच्यावर १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरून आणि पुढचे भाडे नियमित देऊन भाडेकरूला जागा वाचविता येते. त्याच्या निधनानंतर त्या जागेत व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा दर्जा मिळतो.

मालकाच्या हाती काय?

भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला आहे. पण मूळ आकडाच लहान असेल, तर ती अपुरी पडते. २००० मध्ये ५०० रुपये असलेले भाडे चक्रवाढीने धरले, तरी २५ वर्षांनी सुमारे १,३३० रुपयेच होते.

ताबा हवा असेल तर मालकाला कायद्यातील एखादे कारण सिद्ध करावे लागते. परवानगीविना कायमचे बांधकाम, बेकायदा पोटभाडेकरू, दाव्यापूर्वी सलग ६ महिने सबळ कारणाविना जागा वापरात नसणे आणि मालकाची स्वतःची वाजवी व प्रामाणिक गरज ही त्यांपैकी प्रमुख कारणे. गरजेच्या दाव्यात न्यायालय दोघांपैकी अधिक हाल कोणाचे होतील, हेही पाहते. परस्पर कुलूप ठोकणे किंवा वीज-पाणी तोडणे हा मार्ग मात्र कायद्याला मान्य नाही.

आयर्लंडने निराळी वाट निवडली आहे. तेथे १९८० च्या कायद्यानुसार ५ वर्षे सलग व्यवसाय करणाऱ्या भाडेकरूला नव्या कराराचा हक्क मिळतो. मात्र भाडे बाजारभावाने ठरते आणि कायदेशीर सल्ला घेऊन हा हक्क सोडताही येतो. तेथे धंद्याची जागा राखली जाते, भाडे गोठत नाही. आपल्याकडील जुन्या भाडेदारीत दोन्हींची गाठ पडली आहे आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

११ महिन्यांचा करार मुद्रांक कागदावर नोटरी केला की पुरे, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद वा ५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुसरा सापळा लायसन्सचा. मुदतीनंतर सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा मिळविण्याची सोय फक्त निवासी जागांसाठी आहे. दुकानासाठी न्यायालयातच जावे लागते. कराराला लायसन्स हे नाव दिले, तरी न्यायालय नावापेक्षा व्यवहाराचे स्वरूप पाहते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितले आहे.

पागडीही आता चोरटा व्यवहार राहिलेली नाही. कलम ५६ ने तिला मान्यता दिली आहे. म्हणूनच ती रक्कम कागदावर आणणे दोघांच्याही हिताचे. भाडे देताच पावती घ्यावी. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर वा बँकेमार्फत पाठवून पुरावा जपावा. मालकानेही वाढीची मागणी लेखीच करावी. वडिलांच्या काळात शब्दावर व्यवहार चालत असत. आज तो शब्द देणारे आणि घेणारे दोघेही हयात नसतात, तेव्हा न्यायालयापुढे उरतो तो कागद.