कोरडे तांदूळ, घुरघुरणारी मांजरी

‘माहेरच्या जमिनीच्या वाटणीवरून भावांशी बोलणं निघालं की घशाला कोरड पडते, तोंडातून शब्द फुटत नाही. सगळे म्हणतात, मन शांत ठेव. ठेवायचं कसं?’ एका वाचक भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे.

घशापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे पूर्वी चोरी झाली की संशयितांना ‘दिव्य’ करावं लागे. त्यातलं एक तांदळाचं. मंतरलेले तांदूळ चावायचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकायचे. ज्याचे कोरडे निघाले तो चोर! हसू नका. हार्वर्डचा शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९१५ च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या या दिव्याचा आवर्जून दाखला दिला आहे. भीतीने लाळ खरोखरच आटते.

कॅननला हे मांजरांनी शिकवलं. १८९६ च्या अखेरीस, क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालेलं असताना, तेव्हा विद्यार्थी असलेला कॅनन ते किरण वापरून जठराची हालचाल पाहू लागला. मांजरांच्या खाण्यात बिस्मथचा क्षार मिसळला की पडद्यावर जठराची सावली दिसे, लाटेमागून लाट. एकदा निवांत पहुडलेली मांजरी अचानक बिथरली, सुटायला धडपडू लागली. लाटा जागीच थबकल्या. कॅननने तिला चुचकारलं, अंगावरून हात फिरवला. ती घुरघुरू लागली आणि लाटा पुन्हा सुरू! (मांजर पाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.)

संकटात शरीर पचनखात्याला टाळं ठोकतं आणि रक्त स्नायूंकडे वळवतं. कुत्रा मागे लागला तर ठीक. वाटणीच्या बैठकीत त्याचा काय उपयोग?

तांदळाच्या दिव्यात मात्र मोठी खोट होती. निर्दोष पण भेदरलेल्या माणसाचेही तांदूळ कोरडेच निघणार! वादळ उठलंय एवढंच शरीर कळवतं, कशाचं ते त्याला सांगता येत नाही. लाय डिटेक्टरची गोम हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली, ते बरंच झालं. रीलवाल्यांचं ‘अमिग्डालाने मेंदूचं अपहरण केलं’ हे पालुपदही असंच भाबडं. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडला जाणारा भाग; दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेली एक रुग्ण साप पाहूनही डगमगत नसे. पण कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासातून जाताच तीच भीतीने गांगरली. २०१३ ची गोष्ट. आता अपहरण कोणी केलं?

जठराला हुकूम देता येत नाही, श्वासाला देता येतो. आत्ताच मनगटावर बोटं ठेवून पाहा: श्वास घेताना नाडी किंचित घाईत, सोडताना संथ. शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविगने १८४७ मध्येच हे नोंदवलं. म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदयाला लगाम बसतो. आपल्याकडे, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगक्रिया उपकरणांनी मोजायला घेतल्या. आजच्या ‘ब्रीदवर्क’वाल्यांच्या हे नाव गावीही नसतं.

वादळ कशाचं, हे मात्र आपणच ओळखायचं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमनच्या २००७ च्या प्रयोगात रागीट, भेदरलेल्या चेहऱ्यांना भावनेचं नाव जोडताना अमिग्डालाची लगबग ओसरलेली दिसली. चेहरे फोटोतले होते, सख्ख्या भावांचे नव्हेत, हे खरं. पण नावांचा आपल्याकडे तोटा नाही: धास्ती, तगमग, घालमेल, चडफड.

बाईंनी पहिल्या पानावर ‘राग’ हा शब्द तीनदा लिहून तीनदा खोडलाय. तिसऱ्या पानावर आहे, ‘खरं तर माहेर तुटायची धास्ती वाटते.’ तिथून पुढे एकही खाडाखोड नाही.