दोन मजले आणि बिस्किटांचा डबा

आज कोडिंग नाही, आज माझ्या धाकट्या भावाबद्दल बोलायचंय. तो १६ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. गेल्या वर्षी दोन मजले चढताना तो मधेच पायरीवर बसायला लागला, धापा टाकत. तोपर्यंत घरात त्याच्या वजनाचा विषय कुणी काढत नव्हतं. काढलाच, तर आईचं ठरलेलं वाक्य यायचं, "खाऊ दे रे, त्याला तेवढाच तर आनंद आहे."

खरी गोम इथेच आहे. शांत बसला की बिस्किट, रुसला की बिस्किट, पाहुणे आले की चॉकलेट. शाळेत पीटीच्या तासाला बाकीची मुलं धावायची आणि हा सगळ्यांच्या चपला सांभाळायचा. म्हणजे खाणं आपणच वाढवायचं, हालचाल आपणच काढून घ्यायची आणि वर त्यालाच आळशी म्हणायचं!

त्यात शरीराचीही साथ नसते. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू जन्मापासून सैल असतात आणि थायरॉईड मंदावण्याचं प्रमाण जास्त असतं. काही मुलांना वागणुकीसाठी रिस्पेरिडोनसारखी औषधं असतात, त्यांनी भूक वाढते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉईड आणि हृदय तर तपासाच, पण मानेबद्दलही विचारा. डाऊन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा ढिला असतो, त्यांना कोलांटउडी महागात पडू शकते.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे पहिल्यांदा फिटनेस बँड आणला. रोज ६,००० पावलं! पण सहा हजार म्हणजे किती, हे त्याला कळणार कसं? तो बँड आता आई घड्याळ म्हणून वापरते.

चालले ते फोटो. 'फिरायला जा' ही आपल्यासाठी एक सूचना, त्याच्यासाठी पाच. म्हणून फ्रीजवर त्याचेच पाच फोटो ओळीने लावले: मोजे, बूट, गल्लीच्या टोकाचं वडाचं झाड, परत घर, ताकाचा पेला. एक झालं की तो त्यावर स्टिकर लावतो. आता उशीर झाला तर तोच मला ओढून नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अपंगत्व असलेल्या ५ ते १७ वयाच्या मुलांसाठीही दिवसाला सरासरी ६० मिनिटं व्यायाम सांगितलाय. आम्ही दहापासून सुरुवात केली. गाणी लावून नाचणंही मी त्यात धरतो, बरं का.

खाण्याचंही तसंच. "फळ खा" म्हटलं की "नाही". "पेरू की केळं?" म्हटलं की तो विचार करून निवडतो. काकडी तोच किसतो, त्यामुळे ती कोशिंबीर 'त्याची' असते आणि सगळ्यांना वाढून मग स्वतः खातो. बक्षीस म्हणून खाऊ मात्र बंद, त्याऐवजी पुढचं गाणं निवडायचा मान त्याचा.

सोबत्यांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स भारतची चौकशी करा. ही पॅरालिंपिकपेक्षा वेगळी चळवळ, तिचे पहिले सामने १९६८ मध्ये शिकागोत झाले. तिच्या युनिफाइड संघांत आपल्यासारखेही खेळू शकतात. मी नाव द्यायचं ठरवलंय.

हल्ली तो दुसऱ्या मजल्यापर्यंत न बसता येतो. बिस्किटांचा डबा अजून घरात आहे, आजी गुपचूप उघडते. तिच्याशी वाटाघाटी चालू आहेत.