‘स्मदर’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व पर्यायी शब्द

‘स्मदर’ या इंग्रजी क्रियापदाचे मराठी भाषांतर सामान्यतः ‘गुदमरणे’ असे केले जाते. परंतु ‘गुदमरणे’ हे अकर्मक क्रियापद आहे, तर ‘स्मदर’ प्रामुख्याने सकर्मक आहे. परिणामी भाषांतरात मृत्यू उरतो, मात्र तो घडविणारा कर्ता नाहीसा होतो.

या शब्दाचे पर्यायही परस्परांशी समानार्थी नाहीत. न्यायवैद्यकशास्त्रात नाक व तोंड बाहेरून झाकून श्वास रोखणे म्हणजे ‘स्मदर’, श्वासमार्गात घास अथवा वस्तू अडकणे म्हणजे ‘चोक’ आणि गळा आवळणे म्हणजे ‘स्ट्रँगल’ होय. ‘सफोकेट’ हा लॅटिनोद्भव शब्द त्या मानाने व्यापक असून तो सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे योजला जातो. ‘स्टायफल’ हा ‘स्मदर’ला सर्वांत जवळचा पर्याय होय. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातील डेस्डेमोनाच्या हत्येच्या रंगसूचनेत 1622 च्या आवृत्तीत ‘स्टायफल’, तर 1623 च्या आवृत्तीत ‘स्मदर’ हे क्रियापद आढळते.

लाक्षणिक अर्थाने ‘स्मदर’ म्हणजे माती टाकून आग विझविणे, जांभई दाबणे किंवा अतिमायेने एखाद्याची घुसमट करणे.

तात्पर्य, शवविच्छेदन अहवालाचे भाषांतर करताना केवळ ‘गुदमरून मृत्यू’ असे लिहिणे पुरेसे नाही. ‘नाक-तोंड दाबल्याने’, ‘घास अडकल्याने’ की ‘गळा आवळल्याने’, हे स्पष्ट केले पाहिजे. अपघात व खून यांतील भेद त्या एका शब्दावर अवलंबून असू शकतो.