तिसऱ्या महिन्यात बापालाही विचारा

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. बाप पेढे वाटतो, बारशाला जाऊन येतो आणि पुन्हा कांद्याच्या कामाला लागतो. बाळंतीण सासरी परतते ती दोन-तीन महिन्यांनी. रात्रीची जागरणं, बायकोचं थकलेपण, दवाखान्याचा खर्च हे सगळं त्याच्यापर्यंत पोचतं ते तेव्हा. तोवर गावाचं कौतुक ओसरलेलं असतं.

नेमका हाच काळ जोखमीचा आहे. पॉलसन आणि बेझमोर या संशोधकांनी २०१० साली निरनिराळ्या देशांतले ४३ अभ्यास एकत्र तपासले. गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत दहातल्या सुमारे एका बापाला नैराश्य गाठतं, असं त्यांना दिसलं. हे प्रमाण बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सर्वाधिक होतं. आई खचलेली असेल, तर बापही खचण्याची शक्यता वाढते. त्याची झळ बाळालाही लागते. जन्मानंतर आठव्या आठवड्यात ज्यांचे वडील नैराश्यात होते, त्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वर्तनाच्या अडचणी अधिक आढळल्याचं रामचंदानी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

पुरुषाचं नैराश्य पटकन ओळखू येत नाही. तो रडत नाही. चिडतो, गप्प होतो, उशिरापर्यंत मळ्यातच थांबतो, कधी दारूकडे वळतो. घरचे म्हणतात, कामाचा ताण आहे. ताण असतोच. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात थांबली, ती ४ मे २०२४ला खुली झाली. त्या महिन्यांत ज्या शेतकऱ्याच्या घरी पाळणा हलला, त्याला भावाची चिंता आणि बाळाची जबाबदारी एकदमच पेलावी लागली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. शेतकऱ्याला आणि मजुराला रजा कोण देणार?

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत बाळाला भेटतात. पण तेव्हा बाळ माहेरी आणि बाप आपल्या गावी असतो. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरभेटी असतात. त्यांपैकी पहिल्या दोन भेटी नेमक्या या जोखमीच्या काळात येतात. चौदाव्या आठवड्याच्या लसीला बाळ-बाळंतिणीला गाडीवर घेऊन बापच येतो. त्या वेळी त्याला बाजूला घेऊन एवढंच विचारावं : ‘दादा, झोप लागते का? जेवण जातं का? जीव नकोसा वाटतो का?’ उत्तर चिंतेचं असेल, तर डॉक्टरांकडे पाठवावं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनीही जावयाला सासरवाडीत चार दिवस राहू द्यावं, बाळ हाताळायला शिकवावं. बाळाला रात्री खांद्यावर घेणाऱ्या मुलाला हसू नये. खचलेल्या बापाला उपचारानं बरं वाटतं. त्याला वेळेत आधार दिला, तर बाळ आणि बाळंतीण दोघांनाही तो मिळतो.