घासून उजळणारी जमीन

दादरमधील एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास गेल्या वर्षी सुरू झाला, तेव्हा दारे-खिडक्यांच्या सागवानाला गिऱ्हाईक मिळाले, लोखंडाचा वजनावर हिशेब झाला, आणि ज्या मोझॅकच्या जमिनीवर तीन पिढ्या वावरल्या ती मात्र घणाखाली फुटून डबराच्या गाडीत गेली. तिची नोंद ना सोसायटीच्या दफ्तरात होती, ना ठेकेदाराच्या करारनाम्यात. आणि रहिवाशांपैकीही कोणी तिच्याविषयी एक अवाक्षर काढले नाही, याचा विषाद मला अधिक वाटला.

या जमिनीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सधन वास्तूंसाठी इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या लाद्या बोटीने येत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेने भारत टाइल्सची स्थापना केली, आणि भट्टीत न भाजता दाबयंत्राखाली घडवून पाण्यात मुरविलेली सिमेंटची नक्षीदार लादी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आली. पुढे मरीन ड्राइव्हवरील इमारतींनी टेराझोला, म्हणजे दगडी कपच्या सिमेंटमध्ये बसवून घासलेल्या जमिनीला, प्रतिष्ठा दिली. या कालखंडांविषयी अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे.

मला रेंगाळावयाचे आहे ते १९७० नंतरच्या दशकात, कारण गृहसजावटीच्या व्यवसायातील माझी उमेदवारी त्याच काळातली. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. १९८२ साली ते अंशतः उठेपर्यंत थोड्या गोण्यांसाठीही अर्ज, शिफारस आणि परवाना या पायऱ्या चढाव्या लागत. अशा टंचाईत नव्या द्रव्याचा शोध ही निकड होती, आणि त्या निकडीतूनच, जे टाकाऊ म्हणून बाजूला पडले होते त्याचे मोल कारागिरांना कळले. संगमरवर कापताना उरलेल्या कपच्या मोझॅकच्या लादीत गेल्या. फुटक्या पांढऱ्या टाइलांचे तुकडे चायना मोझॅक होऊन गच्चीवर बसले आणि त्यांनी ऊन परतवून खालच्या खोल्यांना गारवा दिला.

दहा इंची लाद्या दोरी लावून, गुण्या धरून आणि पाण्याच्या नळीने पातळी साधून बसविल्या की जमीन पहिल्यांदा मळकट, खरखरीत आणि निराशाजनक दिसे. मग घासाईचे यंत्र फिरू लागे. राखाडी रबडी खोलीभर पसरे. बारीक छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, काही दिवस मुरू देऊन, अधिकाधिक बारीक कणांच्या दगडांनी पुन्हा घासाई होई, आणि अखेरीस ऑक्झॅलिक आम्लाचा हात फिरला की सिमेंटच्या पोटातील पांढऱ्या, काळ्या, तांबूस कपच्या एकेक करून डोळे उघडीत. वीस वर्षांनी ती जमीन निस्तेज झाली, तर तोच कारागीर तेच यंत्र घेऊन येई आणि ती पुन्हा उजळून देई.

सनमायका याच दशकात घरोघरी पोहोचला. रेझिनमध्ये भिजविलेल्या कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेला तो आठ बाय चार फुटांचा पत्रा सुतार फेव्हिकॉलने चिकटवी आणि कडा कानशीने साफ करी; त्या कडेला आतल्या कागदाची तपकिरी रेघ उघडी राही. मला ती रेघ प्रिय होती, कारण वस्तू कशाची बनली आहे हे ती निःसंकोच सांगे. परंतु ज्या प्रतिष्ठित कार्यालयात मी काम शिकलो, तेथील वरिष्ठांच्या लेखी मोझॅक आणि सनमायका ही हलक्या घरांची द्रव्ये होती. परदेशी मासिकांतील गालिचे दाखवून त्यांनी गिऱ्हाइकांच्या मनात आपल्याच जमिनीविषयी जी लाज पेरली, तिचे पीक आज आपण कापीत आहोत, असा माझा त्यांच्यावर स्पष्ट आरोप आहे.

नव्वदच्या दशकात व्हिट्रिफाइड लादी आली आणि पुढे गुजरातेतील मोरबीच्या कारखान्यांनी ती गावोगावी नेली. ती कठीण आहे, पाणी पीत नाही, झटपट बसते. हे तिचे गुण मी नाकारीत नाही. माझी तक्रार आहे ती छापील लादीविषयी. यंत्राने तिच्यावर इटालियन संगमरवराच्या शिरा उमटतात, सागाचे रेषे उमटतात. मात्र हे सारे वरच्या पातळ थरापुरते असल्यामुळे ती घासून नवी करता येत नाही, आणि एक लादी तडकली की तो नमुना बाजारातून गेलेला असतो, म्हणून अख्खी खोली उखडावी लागते.

नवे द्रव्य अवश्य शोधावे; माझ्या पिढीने तेच केले. परंतु द्रव्याची परीक्षा ते बसविल्या दिवशीच्या झळाळीवर न करता, तीस वर्षांनी एखादा साधा कारागीर ते दुरुस्त करू शकेल की नाही, यावर केली पाहिजे. आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात सागवान व लोखंडाच्या जोडीला जुन्या जमिनीचीही नोंद व्हावी, निघतील त्या लाद्या शाबूत काढण्याची तजवीज व्हावी. सोसायट्यांनी ही अट घातली, तर ठेकेदाराला ती पाळावीच लागेल.